खडे हळू मारावेत

कवी मरून गेला, पण जाता जाता एका घराला डाग लावून गेला. आणि घर तरी कुणाचं? रंगाऱ्यांचं! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग झाकले, त्यांचंच.

कवी मोठा होता, त्याबद्दल वाद नाही. ओढा दिसला की त्याला भरून यायचं, ढग दिसला की भरून यायचं, आणि त्या भरात तो असं काही लिहायचा की वाचणाऱ्याचाही गळा दाटावा. स्वतःच्या बालपणावर तर त्यानं इतकं लिहिलंय, की हा माणूस मोठा कधी झाला अशी शंका येते. ते सगळं बालपण याच गावातलं. म्हणून गावात जिकडे बघाल तिकडे स्मारक समितीची पाटी. पुलावर पाटी, शाळेच्या पडवीत पाटी, अक्रोडाच्या झाडाखाली पाटी. ते झाड दोनदा वठलं आणि तिसऱ्यांदा लावलं, पण पाटी मूळची. लांबलांबून माणसं येतात, पुस्तक उघडून एकेका जागी उभी राहतात, तिथल्या तिथल्या ओळी म्हणतात आणि डोळे पुसत पुढच्या जागी जातात. आता यात वाईट काय? काहीच नाही. पण सगळ्यात शेवटची जागा होती नदीच्या वळणावरचं रंगाऱ्यांचं घर.

त्या घराबद्दलची कविता शाळेत शिकवतात. मुलाचा पाळलेला पक्षी उडतो आणि एका घरात शिरतो. त्या घरात जांभळ्या हातांची एक बाई असते. ती पक्ष्याची मान मुरगळते. मग मुलगा रडत रडत तिच्या दारावर खडा मारतो आणि म्हणतो, ‘दे माझा पक्षी परत.’ झालं. जांभळे हात म्हणजे रंगारीण, रंगारीण म्हणजे वळणावरचं घर, असा हिशेब समितीच्या जुन्या अध्यक्षांनी केला आणि घरासमोर रस्त्याच्या कडेला सिमेंटमध्ये पाटी रोवली. पाटीखाली टोपली ठेवली आणि टोपलीत नदीतले गुळगुळीत खडे. येणाऱ्यानं एक खडा उचलायचा, ‘दे माझा पक्षी परत’ म्हणायचं आणि दारावर मारायचा. म्हातारे मारायचे, नवीन लग्न झालेले मारायचे, शाळेच्या सहली आल्या की मग विचारूच नका. आणि आत माणसं राहत होती बरं का. जिवंत माणसं!

माणसं दोनच. आई, आणि तिची लेक. लेकीला सगळी गल्ली ठिणगी म्हणायची, आणि ते नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. आई मात्र शांत. इतकी शांत की ठिणगीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“मान मुरगळली म्हणे!” ठिणगी म्हणायची. “आपल्या खापरपणजीनं कधी मुंगी तरी मारली होती का?”

“मांजरीनं धरला होता तो पक्षी,” आई म्हणायची. “तिनं सोडवला. हातात घेतला तेव्हा मेलेलाच होता. माझ्या सासूनं सांगितलंय मला.”

“मग सांग ना हे त्या लोकांना!”

“कुणाला सांगू? मांजर कवितेत बसली नसेल. जाऊ दे.”

हे ‘जाऊ दे’ ऐकलं की ठिणगीला वाटायचं, एक दिवस या दोन शब्दांची मोट बांधून नदीत सोडून यावी.

आई रंगात मात्र ‘जाऊ दे’ म्हणायची नाही. तिथे ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. कापड उकळत्या कढईतून काढायचं, रंग पक्का धरावा म्हणून तुरटीच्या पाण्यात मुरवायचं, आणि मग मागच्या अंगणातल्या हौदावर खळबळत बसायचं. एकदा, दोनदा, दहादा. पाणी निवळ येईपर्यंत. खालच्या बादलीत पाण्याला रंगाची नुसती सावली जरी दिसली, तरी ते कापड घराबाहेर जायचं नाही. गिऱ्हाईक दारात बोंबलत बसलं तरी नाही. म्हणून या घराचा रंग सुटत नाही असं नाव होतं. कवितेनं घराला एक नाव दिलं होतं आणि आईच्या हातांनी दुसरं. त्या दुसऱ्या नावावर चूल पेटत होती.

मग ती सकाळ आली. आई पुढच्या खिडकीत ओल्या ओढण्या वाळत घालायला गेली. तिनं झडप उघडली आणि त्याच क्षणी समोरच्या एका हौशी गृहस्थानं खडा मारला. तो बिचारा दारावरच मारत होता म्हणे. नेम चुकला. आईचा डावा डोळा गेला.

गृहस्थानं माफी मागितली, खूप रडला, कवितेचाच वाचक तो. समितीचे आताचे अध्यक्ष फुलं घेऊन आले. दवाखान्यात खाटेपाशी बसून हळहळले. आणि आठवडाभरात पाटीखाली आणखी एक छोटी पाटी लागली. त्यावर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘कृपया खडे हळू मारावेत.’

ठिणगीनं ती पाटी वाचली आणि तशीच समितीच्या कचेरीत गेली. चप्पलही बाहेर काढली नाही.

अध्यक्ष टेबलामागे बसले होते. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. गोड बोलायचा, पाणी द्यायचा, खुर्ची द्यायचा, आणि करायचं ते नेमकं करायचा नाही.

“पाटी काढा,” ठिणगी म्हणाली. “मोठीही काढा आणि ती छोटीही.”

“बस, ताई. मला तुझं दुःख कळतं.”

“दुःख नका कळून घेऊ. पाटी काढा.”

“अगं, ती माझ्या हातात आहे का? तो वारसा आहे. लोक त्या एका जागेसाठी येतात. पुलावर काय, पाण्यात बघायचं आणि निघायचं. तुमच्या दारात त्यांना काहीतरी करायला मिळतं.” अध्यक्षांनी चष्मा पुसला. “आणि खरं सांगू? मला तर तुमचा हेवा वाटतो. साहित्यात जागा मिळावी म्हणून आम्ही जन्मभर कागद काळे करतो. तुमच्या घराला ती घरबसल्या मिळाली.”

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय! ठिणगी काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे काहीतरी भयंकर होणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अध्यक्षांना कळलं नाही. त्यांना वाटलं, समजूत पटली.

त्यानंतर आई पुढच्या खोलीत बसेनाशी झाली. झडपा कायमच्या बंद. भर दुपारी दिवा लावून ती कापडं चाचपायची, आणि बाहेर खडा वाजला की खांदे नकळत वर घ्यायची. ठिणगी ते खांदे बघायची. एका बाजूला खडा, दुसऱ्या बाजूला आईचे खांदे. दिवसभर तेच. तिच्या मनात दुसरा विचारच राहिला नाही. यांना असं काहीतरी करायचं की ते धुतलं जाणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

आणि संधी चालत घरी आली. अध्यक्षच घेऊन आले.

“आनंदाची बातमी,” ते म्हणाले. “चौकात कवींचा पुतळा बसवतोय. बालपणातला. हातात पक्षी धरलेला. पांढराशुभ्र संगमरवर! शिल्पकारानं मुद्दाम पॉलिश केलेलं नाही, कोरा ठेवलाय. बालमन असतं ना कोरं, तसा.”

“बरं,” आई म्हणाली.

“अनावरणासाठी कापड हवंय. मोठं, पायापर्यंत झाकणारं. तुमच्याकडूनच रंगवून घ्यायचं ठरलंय.” अध्यक्ष मिश्किल हसले. “जांभळा! लोकांना बरोबर कळेल. जरा गंमत.”

जखमेवर मीठ चोळतात हे ऐकलं होतं, पण मीठही जखमी माणसाकडूनच मागून घेतात हे ठिणगीनं पहिल्यांदा पाहिलं. आईनं खाली मान घातली. ती नाही म्हणणार, एवढ्यात ठिणगी पुढे झाली.

“देऊ की,” ती म्हणाली. “छान देऊ. मीच करते.”

कोरा संगमरवर! अध्यक्षांना त्यात बालमन दिसलं. ठिणगीला दिसलं ते एवढंच, की हा दगड पाणी पिणार, आणि पाण्यात जे असेल तेही पिणार. रंगाऱ्याच्या घरातल्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यांच्या मागच्या अंगणातली संगमरवरी पायरी बघितली तरी पुरे. कुणा काळी सांडलेला रंग अजून त्यात होता, आणि ती पायरी रोज घासली जात होती.

दुसरी गोष्ट गावात सगळ्यांनाच ठाऊक होती. कुठलाही समारंभ असला की नगरपालिकेची माणसं सकाळी पाइप घेऊन चौक धुतात. बेंचही धुतात, कठडेही धुतात, मध्ये उभा असेल त्याच्यावरही पाणी जातं. एकदा बँडवाला धुतला गेला होता.

ठिणगीनं कापड रंगवलं. रंग दुपटीनं घातला. तुरटीच्या पिंपाकडे वळूनही पाहिलं नाही. हौदावर बसली, बादलीत हात घालून नुसतं पाणी वाजवलं, आणि कापड न खळबळता तसंच दोरीवर टाकलं. वाळल्यावर ते इतकं सुंदर दिसत होतं की तिला स्वतःलाच भीती वाटली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “पाणी निवळ आलं का गं?”

“आलं,” ठिणगी म्हणाली.

आयुष्यात ती आईशी शेकडो गोष्टींवरून खोटं बोलली असेल. रंगावरून पहिल्यांदाच. खरं सांगायला ती स्वयंपाकघराकडे वळलीही, पण तेवढ्यात बाहेर दारावर एक खडा वाजला आणि ती मागे फिरून कापडाची घडी घालू लागली.

समारंभाच्या सकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ठिणगी पहिल्या रांगेच्या कडेला उभी होती. पाइपवाल्यांनी आपलं काम चोख केलं होतं. जमीन ओली, बेंच ओले, पुतळ्यावरचं कापड अंगासरसं चिकटलेलं. वरून ऊन तापत होतं. अध्यक्ष बोलत होते. कवींचं निर्मळ बालपण, कवींचं निर्मळ मन. ठिणगी मनात म्हणत होती, बोला, आणखी बोला. रंगाला मुरायला वेळ लागतो.

शेवटी अध्यक्षांनी दोरी ओढली.

कापड घसरलं आणि टाळ्या वाजल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या. कपाळावरून जांभळे ओघळ गालांवर आले होते, गालांवरून मानेत. छाती डागाळलेली. आणि कापड सगळ्यात जास्त चिकटलं होतं ते हातांना. पक्ष्याला धरलेले दोन्ही हात मनगटापर्यंत गडद जांभळे झाले होते.

 मग मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “अरेच्चा! म्हणजे मान यानंच मुरगळली की काय!”

आणि चौक हसला. हसू दाबत दाबत हसला, मग उघड हसला. ठिणगीला वाटलं, छातीवरचा डोंगर उतरला. अध्यक्षांचा चेहरा बघून तर तिचं पोट भरलं. आता हा ओरडेल, आता शिव्या देईल, आणि मग आपण सगळ्यांसमोर सांगू का केलं ते. शब्दही जुळवून ठेवले होते तिनं.

पण अध्यक्ष ओरडले नाहीत. त्यांनी रुमालानं घाम टिपला, माईक हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, “मंडळी, चूक माणसाकडूनच होते. रंगारीणबाईंचं वय झालं. एक डोळा अधू. हात पूर्वीसारखा राहिला नाही. रंग कच्चा राहिला, एवढंच. आपण मोठ्या मनानं त्यांना माफ करू.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या! माफीला टाळ्या! ठिणगीच्या शेजारची बाई हळहळून म्हणाली, “आई गं, एके काळी काय रंग होता त्या घराचा! आता कापड दुसरीकडे टाकायला हवं बाई.” आणि तिच्या पलीकडची म्हणाली, “मी कालच टाकलंय एक त्यांच्याकडे. जाऊन परत आणते.”

 सूड म्हणून केलेल्या कामाची चूक झाली होती, आणि ती चूकही आईच्या नावावर. कवितेनं इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं एका सकाळी करून दाखवलं होतं. खरं सांगायला ती माईककडे सरकू लागली.

तेवढ्यात गर्दी फाटली. आई येत होती. कुणीतरी पळत जाऊन तिला सांगितलं असणार. मागच्या दारानं गुपचूप बाजारात जाणारी आई, आज भर रस्त्यानं, पुढच्या दारानं आली होती. पुतळ्याकडे तिनं बघितलंही नाही. खाली पडलेलं कापड उचललं, दोन बोटांत चोळलं, जिभेला लावलं. ठिणगीनं डोळे मिटून घेतले. आईला कळलं होतं. तुरटीची चव नाही, म्हणजे काय ते आईला कळणारच.

“कोण म्हणालं चूक?” आईनं विचारलं.

अध्यक्ष खाली उतरले. “बाई, राहू द्या. आम्ही माफ केलंय.”

“तुमची माफी तुमच्या खिशात ठेवा. आमच्या घरचा रंग चुकून सुटत नाही. सोडला तरच सुटतो. मुद्दाम सोडलाय.”

“आई, तू नाही, मी...” ठिणगी म्हणाली.

“तू गप्प बस. घरात मोठं कोण आहे?” आई गर्दीकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. “ऐकलंत ना सगळ्यांनी? मुद्दाम सोडलाय. कुणाचा एक धागा माझ्याकडे असेल तर निर्धास्त राहा, तो पक्काच मिळेल. आणि का सोडला असं विचारायचं असेल, तर इथे बघा.” तिनं कपाळावरचा पदर मागे सारला आणि पांढरा पडलेला डोळा उन्हात धरला. “माझ्या दारावर मारलेला खडा आहे हा. हळू.”

कुणी हसलं नाही. त्या गर्दीत असे कितीतरी जण होते ज्यांनी कधी ना कधी त्या टोपलीतला खडा उचलला होता. खाली बघणारे तेच.

“मी पोलिसांना बोलावीन,” अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले.

“बोलवा. मलाही त्यांना बरंच सांगायचं आहे. पण त्या दगडाचं काय करायचं हे तुम्हाला पोलीस सांगणार नाहीत. ते रंगाऱ्यालाच विचारावं लागेल.” आईनं कापडाची घडी घालून काखेत मारली. “विचारायचं असेल तर घरी या. एकटे या.”

घरी जाताना ठिणगीला वाटलं, आता आई जवळ घेईल. आईनं पाठीत एक धपाटा घातला.

“कापड न धुता घराबाहेर काढलंस. लाज नाही वाटली?”

“वाटली,” ठिणगी म्हणाली, आणि रडायलाच लागली.

“मग बरंय. तोंड धू. तो येईल आता.”

तो आलाच. ऊन कलायच्या आत आला. घासून घासून अध्यक्षांची बोटंही जांभळी झाली होती. साबण झाला, सोडा झाला, शिल्पकारानं हात वर केले होते. उद्यापासून शाळांच्या सहली येणार होत्या, आणि चौकात एक जांभळ्या हातांचा कवी उभा होता.

“सांगा बाई,” ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. “म्हणाल ते करतो.”

“आधी ती पाटी काढा.”

“उद्या माणसं पाठवतो.”

“माणसं नकोत. तुम्ही. ठिणगे, कोपऱ्यातली पहार दे यांना.”

अध्यक्षांनी आईकडे बघितलं, ठिणगीकडे बघितलं, मग समारंभाचा कोट काढून कुंपणावर टाकला. पाटी सिमेंटमध्ये रोवलेली, ती काय एका घावात निघते? माणूस घामाघूम झाला. सदरा मातीनं भरला. गल्ली खिडक्यांतून बघत होती. मध्येच एक जोडपं हातात पुस्तक घेऊन आलं, त्यांनी विचारलं, “खडे मारायचं घर हेच का?” आणि अध्यक्ष धापा टाकत म्हणाले, “नाही. इथे असं काही नाही.” ठिणगीला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावंसं वाटलं.

मोठी पाटी आडवी झाली. छोटी उपटली. मग आईनं टोपलीकडे बोट दाखवलं, आणि अध्यक्षांनी टोपली उचलून पलीकडे नदीत उपडी केली. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातांना फोड आले होते.

आई तोवर पुढच्या खोलीत जाऊन बसली होती. झडपा तिनं स्वतः उघडल्या होत्या.

“केलं सगळं,” अध्यक्ष खिडकीशी येऊन म्हणाले. “आता सांगा. दगडातला रंग कसा काढायचा?”

“निघत नाही तो,” आई म्हणाली. “दगडात गेलेला रंग कुणाच्या बापाला निघत नाही.”

“म्हणजे? तुम्ही तर म्हणालात, काय करायचं ते सांगते!”

“सांगतेच आहे,” आई म्हणाली. “सवय करून घ्या. आम्हीही करून घेतली होती.”